बरणीतला गाळ

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात हरिचंद्रने एकतीस वर्षं सांडपाण्याची टाकी सांभाळली. लाल-निळं पाणी आत यायचं, गाळातले जंतू रंग खायचे, पाणी निवळायचं. कारखाना बंद असला की जंतू उपाशी. मग सुट्टीच्या दिवशीही तो जांभूळ गावाहून सायकल मारत जाई, शेण-गूळ कालवून टाकीत ओती.

बायको, मोतीबाई, म्हणायची, "मला कधी घास भरवला नाय, चिखलाला भरवतंय माणूस!"

मोतीबाई गेली. पाठोपाठ कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या पाळीला त्याने बरणीभर गाळ घरी आणला आणि त्यात मासे पाळणाऱ्यांचा हवेचा पंप सोडला. घरात आवाज तेवढाच, बुडबुड.

त्या बरणीपायी राजसी येऊ लागली. संशोधन करणारी पोरगी; पूर्वी टाकीतला नमुना नेलेली. महिन्यातून एकदा यायची, तासभर बसायची. गाळातल्या एका जंतूचा डीएनए तिने वाचून काढला होता. रंग तोडणारा तुकडा नेमका कुठला, तेही हुडकलं होतं. त्या तुकड्याचं पेटंट मिळावं म्हणून तिच्या संस्थेने अर्ज केला होता.

यावेळी ती कागद घेऊन आली.

"काका, पेटंटवाले म्हणतात, हा तुकडा निसर्गात होताच. सापडलेल्याला पेटंट नाही."

"मग?"

"तुम्ही लिहून द्या, की चांगले जंतू निवडून निवडून ही जात तुम्ही तयार केलीत. वकील म्हणतात, मग जमेल. माझ्याबरोबर तुमचंही नाव लागेल."

हरिचंद्रने चष्मा लावला. कागदावर त्याचं नाव होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. कारखान्यात तो एकतीस वर्षं नुसता 'टाकीवाला' होता. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"निवडलं काय नाय, बाय. जे तगलं ते तगलं. मी गूळ घातला."

"एकतीस वर्षं घातलात! ते काहीच नाही?"

"हाय ना. मग तेच लिही. त्याच्याखाली सही करतो."

"त्याने पेटंट मिळत नाही, काका."

"नसंल मिळत. न केलेल्या कामाची हजेरी मी कधी लावली नाय."

तिने कागदाची घडी केली. चहा अर्धा राहिला. दारात चपला घालताना म्हणाली, "हे काम आता बंदच होईल. माझं येणं... बघू."

"आन् बरणी?"

"आमच्याकडे जंतू गोठवून ठेवलेत. तुमची नसली तरी चालेल."

शुक्रवारी सकाळी लाइट गेली. शुक्रवारी जातेच. पंप थांबला. घर गप्प झालं.

हवा तुटली की गाळ कुजायला वेळ लागत नाही. हरिचंद्रने मोतीबाईची ताकाची रवी काढली, बरणीपुढे मांडी घातली आणि घुसळायला लागला. सावकाश; जोर लावला तर गाळ फुटतो. उजवा हात भरून आला की डावा.

चार वाजता पंप पुन्हा बुडबुडला. तेव्हा कुठे तो उठला, रवी धुतली आणि खुंटीला लावली.