मोरीजवळचा खांब

रविवार, जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे अकरा. हजर : मी, नवरा, सासूबाई आणि पेस्ट कंट्रोलवाला. मुलगी क्लासला गेली होती. जागा : लालबागच्या चाळीतली आमची पहिल्या मजल्यावरची खोली, मोरीजवळचा लाकडी खांब.

त्या माणसाने खांबाला स्क्रू ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. जोरही लावावा लागला नाही.

"मॅडम, आत लाकूडच नाहीये. नुसत्या ऑइल पेंटवर उभा आहे हा."

वर कोणी राहतं का, असं त्याने विचारलं. पाच माणसं राहतात. आणि खाली, खांबाला लागूनच, सासूबाईंचं अंथरूण असतं.

मग त्याचा पुढचा प्रश्न : खांबावरची ही वाळवीच्या मातीची रेघ कधीपासून आहे? मला उत्तर माहीत होतं. गुढीपाडव्याच्या साफसफाईत पहिल्यांदा दिसली, तेव्हा वीतभर होती. आता माझ्या खांद्यापर्यंत आली होती. सिलिंडर कधी लावला, फिल्टर कधी बदलला, सगळं मी वहीत लिहिते. ही रेघ तेवढी लिहिली नव्हती. पुसताना फडका तिच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा आणि पुढे जायचं, असं दहा महिने चाललं होतं.

कारण सांगते. मी दादरची. लग्नानंतर सासरच्या गावी, मालवणकडे, पहिल्यांदा गेले तेव्हा देवळात मूर्ती नव्हती, वारूळ होतं. त्याला साडी नेसवलेली, वर चांदीचा मुखवटा. बाहेर अंगणातही एक लहानसं वारूळ होतं. त्याला मी नकळत टेकले, तर सासूबाईंनी दंड धरून मला बाजूला ओढलं. बोलल्या काहीच नाहीत. वारूळ बांधते ती वाळवीच, म्हणून तेव्हापासून वाळवीची माती दिसली की माझा हात आखडतो. त्यात सासूबाई रोज सकाळी या खांबापाशी थांबायच्या, हात टेकायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या. मग मी कशाला विचारू?

त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आई, तुमच्यासाठी म्हणून मी ती माती काढली नाही.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगो, देवीचा वारूळ भुंयेत असता. ह्यी लाकडाक लागलेली वाळवी. हिका कोण पुजता?"

"मग रोज हात टेकून डोळे मिटता ते?"

"माजो गुडघो धरता गो."

नवरा हसायला लागला. मी हसले नाही. इतके महिने ही रेघ त्यांना दिसत होती, तर बोलल्या का नाहीत? तेही विचारलं.

"तुझ्या वयीत आसतला म्हणान गप रवलंय."

माझ्या वहीत सगळं असतं, तेवढी ही रेघच नव्हती. चूक माझी की त्यांची, हे अजूनही ठरत नाही. दोघी एकमेकींचा मान राखत होतो आणि खांब जात होता.

पुढचं पटापट ठरलं. दुसऱ्या दिवशी सुतार येऊन वरच्या तुळईला लोखंडी टेकू लावून गेला. खांब पुढच्या मंगळवारी काढायचा, औषध मारायचं, नवा बसवायचा. तीन आठवडे खोलीत राहता येणार नाही. आम्ही तिघं माझ्या माहेरी जाऊ. सासूबाईंना वडाळ्याला नणंदेकडे न्यायचं, असं नवऱ्याने ठरवलं. सासरे गेल्यापासून त्या एक रात्रही या खोलीबाहेर झोपलेल्या नाहीत.

काल त्यांनी खांबाजवळचं अंथरूण उचललं आणि गोधडीची घडी करून दाराशी ठेवली. नवरा म्हणतो, आई तयार आहे. मला वाटतं, त्या दाराबाहेर गॅलरीत झोपायचं म्हणतायत. किंवा गोधडी नुसती उन्हात टाकायची असेल.

टेकू झाला. सुताराची वेळ ठरली. वरच्यांना सांगून झालं. भांडी खोक्यांत भरून झाली. आईंना कुठे राहायचंय, हे त्यांना विचारायचं राहिलंय.