सरपंचाच्या शुगरचं रजिस्टर

आमच्या सरपंचाला शुगर निघाली.

सरपंच म्हणजे आमचा बोका. चार माणसं बोलत बसली की मधोमध येऊन बसायचं आणि कोणाचंच ऐकायचं नाही, या गुणांवर त्याला ते नाव मिळालं. रंगानं पार काळा. तो बादलीभर पाणी पिऊ लागला आणि अंगानं उतरत गेला, तेव्हा मी आणि कुसुम (माझी बायको, आणि बोक्याची खरी मालकीण) त्याला भाजीच्या पिशवीत घालून बसनं गोंदियाला घेऊन गेलो. सडक अर्जुनीपासून गोंदियापर्यंत तो ओरडत होता आणि मी प्रत्येक प्रवाशाला आजार समजावून सांगत होतो.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाई तरुण, पण शांत होत्या. त्यांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ एक युनिट इन्सुलिन, आणि रोज सकाळी सुई देण्याआधी घरीच शुगर तपासायची. गरम फडक्यानं कान शेकायचा, कानाच्या कडेला टोचायचं, थेंब आला की मशीनची पट्टी लावायची. "काकाजी, कान के पीछे रूई रखना," असंही त्या काहीतरी म्हणाल्या. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. 'सूचना पूर्ण ऐका' हे वाक्य मी पोरांना इतक्या वेळा ऐकवलं की स्वतः ऐकायची सवयच राहिली नाही. त्या कापसाचं सांगत होत्या, तेव्हा मी मनात रजिस्टरचे रकाने आखत होतो. तारीख, वेळ, शुगर, आणि शेवटी शेरा.

पहिल्या दिवशी बोका कपाटावर होता आणि मी स्टुलावर. दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली होता आणि मी अर्धा पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी आमची पद्धत बसली. मी सकाळी हायवेवर फिरून आलो की कुसुमनं बोक्याला माझ्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घट्ट धरायचं आणि मी टोचायचं. तिला सुई बघवत नाही, म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. मलाही चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, आणि चष्मा लावला की बोका त्यावरच पंजा मारायचा. तेव्हा एक डोळस माणूस सोडला तर चाचणीला लागणारं सगळं आमच्याकडे होतं!

आकडा आला दोनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी तीनशे. शेजारच्या लग्नाचं जेवण झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी तर तीनशे चाळीस! आता गंमत अशी की बोका चांगला सुधारत चालला होता. पाणी कमी प्यायचा, अंग भरत होतं, भिंतीवरून उडी मारून उंदीर आणत होता. पण मी माणूस रजिस्टरवर विश्वास ठेवणारा. मी थेट कुसुमवर संशय घेतला.

"तू याले चोरून दूधभात देऊन राहिली," मी म्हणालो.

"मी त्याले काईच नाई देत जी."

"मंग शुगर काऊन वाढून राहिली?"

ती उठून स्वयंपाकाला लागली. दोन दिवस वरणात मीठ नव्हतं, एवढंच. मी रजिस्टर उघडलं आणि लाल शाईनं शेरा मारला : 'चोरून खातो. घरच्यांनी लक्ष ठेवणे.'

आकडे फोनवर कळवले, तेव्हा डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. म्हणाल्या, उद्याही एवढाच आकडा आला तर एकाच्या जागी दोन युनिट द्या. दुसऱ्या सकाळी मी फिरून येऊन दोन युनिटची सुई भरूनच ठेवली. कुसुमनं बोक्याला गुंडाळलं.

"आज डोळे उघडे ठेवून धरीन," ती म्हणाली.

मी कान शेकला, दोन बोटांत धरला, टोचला. थेंब आला. पट्टी लावली. तीनशे दहा. मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं आणि भरलेली सुई उचलली. तिनं माझं मनगट पकडलं.

"हे रगत तुमचं होय जी," ती म्हणाली. "बोक्याचा कान कोरडा हाय."

मी चष्मा लावला. बोक्याचा कान पातळ, जवळजवळ कागदासारखा. सुई कानाच्या कडेवरून घसरून थेट मागच्या माझ्या बोटात शिरत होती आणि थेंब बोटावर येत होता. बोटाला टोचायचं ते मी बोक्याचं नख समजायचो, आणि काळ्या केसांत काही दिसत नसल्यामुळे आठवडाभर मी तोच थेंब बोक्याचा म्हणून मोजत होतो. कुसुमनं कपाटातून रुईचं बंडल आणलं, कानामागे घडी धरली, आणि मी पुन्हा टोचलं. एकशे दहा.

फोन स्पीकरवर लावून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "अच्छा हुआ काकाजी, रुक गये," त्या म्हणाल्या. "दोन युनिट दिले असते तर संध्याकाळपर्यंत बोका राहिला नसता." भरलेली सुई मी मोरीत रिकामी केली आणि बोक्याला दुपट्ट्यासकट छातीशी धरलं. कुसुमची माफी मागायला मी तोंड उघडलं. बोक्यानं मात्र तेवढ्यात माझ्या बनियनला नखं लावली.

"और वो तीन सौ दस," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तो किसका है?"

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मग सकाळच्या फिरण्यात हायवेवरचं हॉटेल येतं का, आणि त्या हॉटेलात बालुशाही मिळते का, एवढंच तिनं विचारलं. मी एकाच उत्तरात दोन्ही कबूल केलं.

महिनाभरात बोक्याचं इन्सुलिन सुटलं. माझं पथ्य सुरू झालं. आता रोज सकाळी कुसुम मला टोचते, डोळे सताड उघडे ठेवून, आणि सरपंच मधोमध बसून बघतो. नवीन रजिस्टर काही आणलं नाही. जुन्याच रजिस्टरवरचं बोक्याचं नाव खोडून तिनं माझं लिहिलं आहे. मी तेवढा शेरा खोडू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "राहू द्या जी, तो बरोबर हाय."