जिलानीभाईंची पिक्चर ट्यूब

औशाच्या बसस्थानकासमोर जिलानीभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घराणं घड्याळसाजांचं, टीव्हीच्या नादी लागलेले हेच पहिले. सेटसमोर आरसा टेकवायचा आणि मागून स्क्रू फिरवत आरशात चित्र जुळताना बघायचं, हे इतकी वर्षं करूनही त्यांचा श्वास अडकायचा. एक बारीक किरण पिक्चर ट्यूबच्या काचेवर धावतो आणि त्या धावण्यातून माणसाचा चेहरा उभा राहतो! "माझं काय हाय त्यात? मी नुस्ता स्क्रू फिरवतो," ते म्हणायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात दुकानाच्या फळ्या कोसळल्या, दुरुस्तीला आलेले सेट फुटले. वाचला तो एक लहानसा ब्लॅक अँड व्हाइट. किल्लारीकडची माणसं गावाबाहेर तंबूत राहायला आली होती. जिलानीभाईंनी तो सेट आणि जीपची बॅटरी तिथं नेली, बांबूला अँटेना बांधला. का नेला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लोक गुमान बातम्या बघायला बसले.

पडद्यावर मुंग्याच जास्त. सोलापूरच्या एका दवाखान्यातल्या जखमींची रांग दिसली न दिसली, तोच सिंधू नावाची बाई उठून उभी राहिली. तिच्या माहेरचं कुणीच सापडलं नव्हतं.

"ते आमचं व्यंकट हाय," ती म्हणाली.

"तोंड तरी दिसलं का, बाई?" शेजारच्या बसलिंगप्पांनी विचारलं.

"तोंड न्हाई दिसलं. डावा हात डोक्याखाली घेऊन पडलंय. लहानपणापास्नं तसंच झोपतंय ते."

कुणाला खरं वाटलं नाही, जिलानीभाईंनाही नाही. पण बाईला एकटं कसं धाडायचं, म्हणून मदतीचं सामान टाकून परतणाऱ्या ट्रकमधून ते तिच्यासंगं सोलापूरला गेले. व्यंकट तिथं होता, जिवंत. भावाच्या उशाशी बसलेल्या सिंधूला बघून जिलानीभाई बाहेर आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. आपल्याला नुस्त्या मुंग्या दिसल्या, त्यात बहिणीला भाऊ दिसला. हे कशानं झालं असेल?

तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, चित्र म्हणावं तर ट्यूबचंच. रंगीत सेट आले, ते त्यांनी पोटासाठी दुरुस्त केले. भिंतीवर टांगायचे चपटे आले, त्यांना मात्र दुकानाची पायरी चढू दिली नाही.

"त्यात धावणारं काही न्हाई. ते छापील कॅलेंडर हाय," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक सेट उचलून लातूरला जायचं. बायको, चांदबी, म्हणायची, "दुनिया पुढं गेली. तुम्ही बसा आरशात बघत."

धाकटी मुलगी आलिया डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला क्लासला लागली. तिथं तेव्हा गल्लोगल्ली क्लास आणि मेस झाल्या होत्या. क्लासवाल्यांनी एकदा आईबापांना शिकवणं बघायला बोलावलं, म्हणून जिलानीभाई गेले आणि मागच्या बाकावर बसले. समोर भिंतभर चपटा पडदा. दिवे मंद झाले आणि पडद्यावर काळीज धडधडू लागलं. झडप उघडली, मिटली. तिला धरणारे तंतूसुद्धा वेगवेगळे दिसत होते. पोरं खाली माना घालून लिहीत होती. जिलानीभाईंचा हात नकळत आपल्या छातीवर गेला.

तास सुटल्यावर ते पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन उभे राहिले.

"अब्बा, चला ना. लोक बघून राहिलेत," आलिया म्हणाली.

"ह्यात धावतंय कुठं, बेटा?"

"धावत न्हाई, अब्बा. लाखो ठिपके हायत. हरेक ठिपका आपल्या जागी उभा राहून उजेड अडवतो, न्हाईतर सोडतो."

"सगळे एकाच वक्ताला?"

"हाव."

ते पडद्याकडं आणखी वाकले. मग हळूच म्हणाले, "सुभानल्ला."

पुढच्या महिन्यात ते नांदेडला वकार नावाच्या कारागिराकडं चपट्या सेटचं काम शिकायला बसले. वकार त्यांच्या निम्म्या वयाचा. केसासारख्या तारांच्या पट्ट्या जोडताना तार जागेवरून सरकायची. दोन पॅनल त्यांनी वाया घालवले. वकार हसला नाही, म्हणाला, "चाचा, हळू. माझे तर पाच गेले होते."

औशाला परतल्यावर उजनीकडच्या एका शेतकऱ्याचा चपटा सेट त्यांनी पहिल्यांदा एकट्यानं दुरुस्त केला. बटण दाबताच क्रिकेटचं मैदान उजळलं. जिलानीभाईंनी मागल्या दारानं हाक मारली. चांदबी पिठाच्या हातानंच आली. दोघं गवताचं पातं न पातं न्याहाळत उभी राहिली, आणि सेटचा मालक बिचारा बाहेर बाकड्यावर वाट बघत बसला.