तात्यांची मोटार आणि आमचा तंबू

इथले अनुभव वाचून खाली खोचक कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. ‘भावा, झोप पूर्ण घेत जा’ हे माझं ठरलेलं वाक्य. आज कुणी मला तेच ऐकवलं तर माझी ना नाही... पण आधी ऐकून घ्या.

मी काटेवाडीचा, ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे. शाळेपासूनचे दोन मित्र – नितीन इंदापूरला कॉलेजात शिकवतो, महेश वालचंदनगरला कारखान्यात आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, एका शनिवारी आम्ही सांगवीच्या पुढं नीरेकाठी तंबू ठोकला. नितीनची मुलगी तेव्हा दीड वर्षाची, घरून परवानगी काढताना त्याची कोण दमछाक! त्यामुळे फोन बंद करून पिशवीत टाकायचे आणि पिशवी वर गाडीत ठेवायची, हा नियमही त्याचाच.

जागा मात्र मी निवडली. पात्रालगत वाळूचा सपाट उंचवटा, मागे कोरडी घळ, तिच्या पलीकडे चढ आणि वर ऊस. इथंच माझं शहाणपण नडलं. आम्ही पडलो कॅनॉलवाले. पाणी यायचं तर आधी ते सोडणारा पाटकरी सांगून जातो, पाळी लागते, मग पाणी येतं. त्यात आपल्याकडचा पाऊस म्हणजे नुसती भुरभुर, एवढ्यानं नदीला काय होणार? वर भोरकडं धरणं आहेत, तिथं धो धो कोसळत असेल, ते पाणी याच नदीनं खाली येतं – हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला नाही कळलं.

दुपारी रस्सा-भाकरी झाली. नितीन सर्दीची गोळी घेऊन तंबूत आडवा झाला, चेन लावून घोरायला लागला. साडेचारच्या सुमारास घळीकडून एक म्हातारे आले. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

“पोरांनो, जरा हात लावा की. नदीवरची मोटार वर घ्यायची हाय.”

“चला तात्या, आम्ही दोघं येतो,” महेश म्हणाला.

“दोघांचं काम न्हाय. आत झोपलाय त्याला बी उठवा. तिघं लागत्यात.”

मला रागच आला. म्हटलं, त्याला बरं नाही, झोपू दे. पण तात्या हलेनात. पावसात तसेच उभे. “त्याला घेतल्याबिगर मी जायाचा न्हाय,” एवढंच म्हणाले. शेवटी नितीनला हलवून उठवलं. तो तोंडातल्या तोंडात शिव्या देतच निघाला. बंद तंबूत कुणी झोपलंय हे यांना कसं कळलं, हा प्रश्न तेव्हा तिघांपैकी एकालाही पडला नाही!

पाणी उपसायची मोटार लोखंडी गाड्यावर होती. चिखलाच्या चढावरून दोरानं ओढताना अक्षरशः फेस आला. वर लिंबाच्या बुंध्याला तात्यांनी दोर बांधला आणि म्हणाले, “आता हितंच थांबा.” मी कपाळावरचं पाणी पुसून वळलो...

घळ भरून वाहत होती. आमचा उंचवटा चारी बाजूंनी पाण्यात. बघता बघता तंबू उचलला गेला, एकदा गिरकी घेतली आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. तात्यांना हाक मारायला मागं बघतो तर तिथं कुणीच नाही.

भिजत जवळच्या वस्तीवर गेलो. एका मावशींनी आत घेऊन चहा टाकला. भिंतीवर तात्यांचा फोटो! हार नव्हता, म्हणून मला केवढं हायसं वाटलं.

“मावशी, तात्या पोचले का घरी?”

“मालक? ते बारामतीला दवाखान्यात हायती, आठ दिस झालं. ट्रॅक्टरवरनं पडलं, मांडीचं हाड मोडलंय. पोरगं बी तिकडंच. सकाळधरनं फोनवर एकच – पाणी सुटलंय, मोटारीचं बघा. म्या एकली कुणाला बोलवू?”

महेश उठून भिंतीवरचा फोटो जवळून निरखायला लागला.

रविवारी सकाळी लिंबाला बांधलेल्या मोटारीचा फोटो काढला आणि तडक दवाखाना गाठला. तेच तात्या, पाय वजनं लावून टांगलेला. फोटो बघून म्हणाले, “ही गाठ तर माझी हाय. मी डावरा, अशी गाठ वस्तीत दुसऱ्या कुणाला येत न्हाय.” “काल दुपारी जरा डोळा लागला व्हता. उठलो तर खांदं लई भरून आलेलं...”

महेश यंत्रांतला माणूस. त्यानं नाना तर्क लावले – भाऊ असेल, शेजारी असेल, आपल्यालाच भास झाला असेल. एकही टिकला नाही. मी आपलं खोचक कमेंट टाकणं तेवढं बंद केलंय.

निघताना तात्यांनी दोन्ही हात जोडले. “तुमचं लई उपकार झालं. मोटार गेली असती तर ऊस वाळला असता.” तंबूचं त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. नितीन पुढं झाला, त्यांचे जोडलेले हात धरले आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

तात्या बावरले. “आरं, असं काय करतोस? मोटारीपायी कोण रडतंय व्हय?”