ज्या दिवशी बेटावर कापड हललं नाही

आमच्या बेटावर ग्रामपंचायतीची बातमी यायची ती हलगीवरून. पंचायत पलीकडच्या गावात आणि आम्ही पूर्णा नदीच्या दोन फाट्यांच्या मध्ये. पावसाळा लागला की मूठभर घरं, थोडी काळी जमीन, चार कडुलिंबं आणि गुरंढोरं असे आम्ही सगळे पाण्याच्या मधोमध बसलेले असायचो. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा व्हायला अजून फार अवकाश होता, पण नदीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

बातमी असली की कोतवाल पलीकडच्या काठावर येऊन हलगी वाजवायचा. ती ऐकू आली की हातातलं काम टाकून आम्ही काठावर धावायचो. मग तो लांब सूर काढून ओरडायचा, "आयका होऽऽ, धरनाचं पानी सुटनार हाय, गुरं वर काढा होऽऽ!" पावसाळ्यात वारा त्यांच्याकडून आमच्याकडं वाहायचा. त्यामुळं त्याचं आम्हाला ऐकू यायचं, आमचं त्याला काही केल्या पोचायचं नाही. म्हणून बेटानं फार पूर्वीपासून एक रीत घालून घेतली होती. बातमी कळली की पांढरं काहीतरी हलवायचं. कोणी उपरणं, कोणी पटका, कोणी नुसतं लेकराचं अंगडं. म्हणजे कोतवालानं समजायचं, बेटानं ऐकलं, आणि घरी जायचं. कापड हललं नाही तर मात्र बेटावर काही बरंवाईट झालं असं धरून कुणीतरी पाणी कापत यायचंच. तोवर असं कधी झालेलं कुणाला आठवत नव्हतं, कारण कापड हलवायला आम्ही कधी चुकतच नव्हतो. हलगी वाजली की हात आपोआप वर जायचा.

माझी थोरली काकू पलीकडच्या गावची लेक. गावच्या सरपंचाची सख्खी मोठी बहीण. माहेर आणि सासर यांच्यामध्ये फक्त नदी, पण जेवढी जवळ दिली तेवढी ती लांब गेली. पंचमीला पाणी, पोळ्याला पाणी, गौरी-गणपतीला पाणी. दिवाळीला वाळू उघडी पडली की बाई माहेरी. त्या आधी काठावर उभं राहून भावाच्या घराचा धूर बघायचा. "आज उशिरानं चूल पेटवली वाटतं भावजयीनं," असं ती मला सांगायची. तिचा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि माझ्यावर तिची माया का होती हे मला आजवर कळलेलं नाही. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं, हे कारण लोक सांगायचे. मला ते कारण पुरत नाही.

आमची शाळा एका गोठ्याच्या ओसरीत भरायची. एक गुरुजी, चार इयत्ता आणि खुंट्याला बांधलेलं वासरू. पावसाळाभर गुरुजी आमच्याच पडवीत मुक्कामाला असायचे. शेतकऱ्यांची लेकरं आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या बौद्ध घरांतली लेकरं, सगळी एकाच गोणपाटावर बसायची. गोणपाट एकच होतं हेही त्याचं एक कारण असेल, पण बसायची. मी तिसरीत होते आणि मला वाचायचं वेड लागलं होतं. पुड्याचा कागद दिसला की आधी वाचायची, मग शेंगदाणे खायची.

बाहत्तरच्या दुष्काळानं हे सगळं मोडायला आणलं. त्या वर्षी नदी सुकली आणि आमचं बेट काही बेट राहिलं नाही. लोक वाळूतून चपला घालून ये-जा करायला लागले. काकूला तर बारा महिने माहेर मिळालं, ती तेवढ्यापुरती दुष्काळावर खूष होती. त्याच सुमारास पंचायतीत नवा ग्रामसेवक आला. पँट घालणारा, शहरातून आलेला, माणूस वाईट नव्हता. पण त्यानं नदी पाहिली ती वाळूची. पुढच्या उन्हाळ्यात शाळेसाठी एक पक्की खोली मंजूर झाली तेव्हा त्यानं सरळ हिशेब मांडला. बेटावरची शाळा बंद करायची, खोली गावात बांधायची, पोरं येतील चालत. सरपंचालाही ते सोयीचं होतं. गावात खोली म्हणजे गावाचं नाव.

आमच्या घरी याचा अर्थ एकच होता. वडील म्हणाले, "पोरगं असतं तर धाडलं असतं कढईत बसवून. पोरीला नदीपार मी धाडनार न्हाई." कढई म्हणजे गुऱ्हाळातली गूळ शिजवायची मोठी कढई. पावसाळ्यात ती गावाच्या काठावर पडून असायची, आणि फारच नड असली तर पट्टीचे पोहणारे तिला धरून माणसं आणायचे, न्यायचे. वडिलांचं फार चुकत होतं असं नाही. मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. शाळा गेली तर माझ्या हातात शेळ्यांची दावी येणार हे ठरलेलं होतं. एक शेळी तर त्यांनी बघूनही ठेवली होती.

त्या वर्षी पाऊस मात्र मागचं सगळं भरून काढायच्या जिद्दीनं आला. ग्रामसभा ठरली त्या दिवशी नदी दोन्ही काठ धरून चालली होती आणि कढई सोडायला कुणी तयार होईना. सभा गावात, बोलणारे सगळे गावचे. आम्ही काठावर ताटकळत बसलो होतो. मग कोतवाल आला, हलगी वाजली. "आयका होऽऽ! शाळा गावात आनायची हाय! बेटकरी, कबूल हाय का होऽऽ?"

आणि आम्ही काय केलं? उपरणी, पटके, अंगडी, जे हाती लागलं ते हलवलं. ऐकलं! कळलं! सगळ्या काठावर पांढरं पांढरं झालं. मीसुद्धा माझी ओढणी हलवली, ती पांढरी नव्हती तरी. मग सगळे लिंबाखाली बसून उत्तर काय द्यायचं याचा विचार करू लागले. पाणी ओसरलं की दोघा जाणत्यांनी जायचं आणि साफ नाही म्हणून सांगायचं, असं ठरलं. आम्हाला वाटलं, प्रश्न आला, आता उत्तर सवडीनं जाईल.

पुढं काय झालं ते नंतर कळलं. ग्रामसेवकानं कोतवालाला विचारलं, "काय म्हणाले?" कोतवाल म्हणाला, "समद्यांनी कापड हालवलं, साहेब." त्याच्या दृष्टीनं निरोप पोचला, काम संपलं. ग्रामसेवकाच्या दृष्टीनं बेटानं एकमतानं होकार दिला. ठराव झाला. सरपंचाला रीत ठाऊक होती, पण त्यानं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हलगी. "आयका होऽऽ! बेटाच्या मर्जीनं शाळा गावात चालली होऽऽ!" आणि आम्ही पुन्हा कापडं हलवली! हात वर गेले ते गेलेच. काकूचा पदर अर्ध्यावर थांबला तेव्हा कुठं एकेकाच्या डोक्यात उजेड पडला.

"काहून हालवून राहिले रे मुडद्यांनो!" काकू ओरडली. "इकून खाल्लं की आपनच आपल्याला!"

पण करणार काय? नाही म्हणायला आमच्याकडे कापडच नव्हतं. ऐकलं एवढंच आम्हाला सांगता येत होतं. पलीकडे कोतवाल समाधानानं हलगी काखेत मारून चालू लागला होता. मी तिथंच चिखलात बसून भोकाड पसरलं. काकूनं मला उठवलं नाही, गप्प केलं नाही. ती नदीकडं बघत उभी राहिली. मग खालच्या अंगाच्या एका म्हाताऱ्या बाबांशी बोलली. त्यांचा मुलगा याच गोठ्यात शिकून पुढं वसमतला नोकरीला लागला होता. शाळा जाणार म्हणून ते माझ्याइतकेच कासावीस झाले होते.

"बाबा," काकू म्हणाली, "आता हलगी वाजली तर कोनी हात हालवायचा न्हाई."

बाबांनी पाण्याकडं बघितलं. "कोनी मेलं समजतील, बाई."

"समजू द्या. माझा भाऊ येईल."

"एवढ्या पान्यात?"

"येईल," काकू म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज मोठा नव्हता.

हलगी वाजायला दोन-तीन दिवस गेले. पाणी थोडं उतरलं होतं, तरी भोवरे दिसत होते. नेमकी बातमी अशी आली की आमची परीक्षाच होती. "आयका होऽऽ! रेशनची साखर आली होऽऽ!" पोळा तोंडावर होता. कुणाच्या घरात साखर नव्हती. सगळं बेट काठावर उभं होतं, आणि एकही कापड हललं नाही. आयांनी लेकरांचे हात धरून ठेवले होते. माझ्या वडिलांनी स्वतःचे दोन्ही हात बगलेत दाबले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांचे सगळे नकार मी त्यांना माफ केले. कोतवालानं पुन्हा हलगी वाजवली. पुन्हा ओरडला. मग वाजवतच राहिला, जोरजोरात, आणि एकदम थांबून गावाकडं पळत सुटला.

काकू खाली बसली. "देवा, बुडवू नको त्याला," असं ती पुटपुटत होती. मी तिच्या पाठीला चिकटून बसले होते.

थोड्याच वेळात पलीकडे माणसं जमली. कढई पाण्यात पडली. सरपंच मधोमध उभा राहायला बघत होता, पोहणारे त्याला खाली बसवत होते. पंचायतीची जबाबदारी म्हणून सोबत निघालेला ग्रामसेवक कढईचा काठ दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसला होता. मध्ये धारेला लागल्यावर कढई दोनदा गरगर फिरली, एकदा बरंच पाणी आत आलं, आणि आमच्या काठावरच्या बायकांनी एकदम हंबरडा फोडला. तो ऐकून तर सरपंचाची खात्रीच पटली असणार.

कढई टेकायच्या आत त्यानं उडी मारली. कमरेइतक्या पाण्यातून तो वर आला, पटका कुठंतरी वाहून गेलेला, आणि कुणाकडं न बघता ओरडला, "अक्का! माझी अक्का कुठं हाय?"

"हितं हाय मी," काकू म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. एवढा आडदांड माणूस, गाव ज्याला टरकायचं, तो तिच्यासमोर चिखलात फतकल मारून बसला आणि लेकरासारखा रडला. काकू पदरानं त्याचं डोकं पुसत होती आणि स्वतः रडत होती. मग तो भानावर आला आणि त्याचा राग उसळला. "मंग कापड काहून न्हाई हालवलं? जीव गेला असता की माझा!"

"त्या दिशी हालवलं त्याचं काय केलं तुमी?" काकू म्हणाली. "आमी ऐकलं म्हनून हालवलं. तुला ठावं न्हवतं का रे?"

सरपंचानं मान खाली घातली. "ठावं व्हतं, अक्का. म्या इचारलंच न्हाई."

काकूनं मला हाताला धरून पुढं ओढलं. "ही पोरगी बघ. तुझ्या कढईत बसवून रोज धाडू का हिला?"

उत्तर दिलं ते ग्रामसेवकानं. तो अजून एका दगडाला धरून बसला होता, ओलाचिंब, पांढराफटक पडलेला. "नाही," तो म्हणाला. "या पाण्यातून लेकरं यायची नाहीत. मी वाळू बघितली होती हो. मला हे ठाऊकच नव्हतं." त्या माणसाचे मी आजही उपकार मानते. चूक कळल्यावर ती अंगावरून झटकून टाकायला त्याला किती वाटा होत्या. त्यानं एकही धरली नाही.

मग तिथंच, लिंबाखाली, बेटावरची पहिली ग्रामसभा झाली. सरपंच उघड्या डोक्यानं उभा राहिला. "शाळा हितंच ऱ्हाईल, खोली बी हितंच बांधू. कबूल हाय का?" आणि सगळ्या बेटानं, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभं असूनही, कापडं वर करून हलवली. ग्रामसेवक घाबरून म्हणाला, "थांबा, थांबा. हे ऐकलं म्हणून, की होकार?" त्यावर जो हशा पिकला तो पलीकडच्या काठावर, वाऱ्याच्या उलट, नक्की ऐकू गेला असेल.

मी त्या शाळेत चौथी पास झाले. खोली बांधून व्हायला वेळ लागला, माझं सगळं शिक्षण वासरासोबतच झालं, पण झालं. पुढं हट्टा या गावी आत्याकडे राहून शिकायचं ठरलं तेव्हा वडील स्वतःहून तयार झाले. मी निघाले तेव्हा पाणी होतंच. ज्या कढईची मला भीती घातली होती तिच्यातच वडील मला घेऊन बसले. सगळं बेट काठावर आलं होतं. आई पदर हलवत होती, खालच्या अंगाचे म्हातारे बाबा उपरणं हलवत होते, शेळ्या राखणारी पोरं सदरे काढून हलवत होती. काकू तेवढी हात पदरात गुंडाळून ताठ उभी होती. मी मध्य धारेपर्यंत मान वळवून बघत होते. तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. मला इतकं लागलं की हट्ट्याला पोचेपर्यंत मी रडत होते, आणि पुढंही किती रात्री त्या आठवणीनं उशी ओली झाली.

दिवाळीला वाळू उघडी पडायचीसुद्धा मी वाट पाहिली नाही. गुडघाभर पाण्यातून धावत सुटले ती सरळ काकूच्या ओसरीवर. दप्तर टाकलं आणि भांडायलाच लागले. "सगळ्यांनी हालवलं. तूच काहून न्हाई हालवलं?"

काकू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मला जवळ ओढलं, पिठाच्या हातानं माझं तोंड कुरवाळलं.

"हालवलं न्हाई," ती म्हणाली, "म्हनून तर पळत आलीस."