तपासणीच्या दिवशीचं कॉलेज

सीईटीचा निकाल लागला आणि ओवीला अडुसष्ट पर्सेंटाइल मिळाले. घरात कुणी रागावलं नाही, हेच तिला आधी खटकलं. तिचे बाबा अनंत चिंचवडच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते. माप चुकलेला माल परत पाठवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आई सुहासिनी निगडीला प्राथमिक शाळेत शिकवायची. दोघांनी निकाल पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून आकुर्डीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अडुसष्ट हा आकडा कुणी उच्चारला नाही.

इंजिनिअरिंगचा अर्ज बाबांनीच भरला. पसंतीक्रमात बत्तीस कॉलेजं, आणि सगळीकडे शाखा एकच, कॉम्प्युटर. ओवीला विचारायचं राहून गेलं. लहानपणी मिक्सर उघडून बसणारी, सायकलची चेन स्वतः बसवणारी ही मुलगी. पण मेकॅनिकलला मुलीला कोण विचारतं, असं बाबा म्हणाले आणि पुढचा रकाना भरायला लागले. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत नाही. तिसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मोबाइलवर याही वेळी तेच वाक्य होतं, जागा मिळालेली नाही. तिने मोबाइल कठड्यावर ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घातले.

मग फोन सुरू झाले. ज्या बत्तीस कॉलेजांनी नाकारलं त्यांच्यापैकी एकाचाही नव्हता. जिथे तिने कधी अर्जच केला नव्हता तिथून लोक फोन करत होते, इंदूरहून, बंगळुरूहून, कुठल्या तरी न ऐकलेल्या विद्यापीठातून. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. आवाज गोड, पाठ केलेला. एका बाईला तिने विचारलं, कशावरून निवड झाली? बाई थांबली, कागद चाळल्याचा आवाज आला, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून अभिनंदन सुरू केलं. कुठेच जागा न मिळालेल्यांचे नंबर कुणीतरी विकले होते, आणि त्या यादीत आपलं नाव आहे, या कल्पनेनेच ओवीला अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तिने बाबांना खालच्या मजल्यावरच्या काकांशी बोलताना ऐकलं. दोन-तीन ठिकाणी मिळतंय, त्यातलं बरं कुठलं ते बघतोय, असं बाबा सांगत होते. ती शेजारीच उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

रविराजचं नाव बाबांना कंपनीतूनच कळलं. चिंचवड स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. प्रवेश मार्गदर्शन असं बाहेर लिहिलेलं. तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. काही विचारायच्या आधीच त्याने पेढे पुढे केले. नाकारलं असं म्हणायचंच नाही सर, तो म्हणाला, योग्य जागा सापडायची राहिली होती एवढंच. चाकणच्या पुढे त्याच्या ओळखीचं एक कॉलेज होतं. कॉम्प्युटर भरलंय, पण मेकॅनिकलची मॅनेजमेंटची जागा मिळेल. ओवीला मेकॅनिकल म्हटल्यावर क्षणभर बरं वाटलं. रविराजने एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि तेही तिच्या उंचीचा अंदाज घेतल्यासारखं. येत्या गुरुवारीच या, तो म्हणाला, त्या दिवशी सगळं बघायला मिळेल.

गुरुवारी ते तिघं गेले. आईने रजा काढली होती. चाकणचा चौक ओलांडायलाच पाऊण तास गेला. पुढे डोंगराचा एक कोपरा फोडून काढलेल्या सपाटीवर गुलाबी इमारत उभी होती. दारात रांगोळी, आत सुगंधी फवारा, आणि त्या फवाऱ्याखाली ओल्या सिमेंटचा वास. रविराज पळतच आला. आज वरून समिती आलीय, तपासणी आहे, तो म्हणाला, आणि मग अगदी सहज, जणू पाणी मागावं तसं, ओवीला म्हणाला, "मॅडम, तासभर वर्कशॉपमध्ये बसाल का? दुसऱ्या वर्षाची मुलं आज कमी आलीत."

ओवीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, बस ना, पुढे तुझंच कॉलेज आहे.

तिला एक खाकी अ‍ॅप्रन मिळाला. खिशावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं होतं आणि काखेत त्याच्या घामाचा जुना वास. वर्कशॉपमध्ये तिच्यासारखीच वीसेक मुलं-मुली अ‍ॅप्रन घालून उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेजारच्या मुलीला ओवीने विचारलं, तू कुठल्या वर्षाला? ती म्हणाली, मी नर्सिंगला आहे, आम्हाला बसमधून आणलं.

मधोमध चार लेथ मशीन होती. रंग उडालेली, पण चांगली वापरातली. एका मशीनच्या ट्रेमध्ये पितळेचा ताजा कीस पडला होता. समितीचे तिघं आले, नारळ आणि शाली सांभाळत त्यांनी मशीनकडे पाहून माना हलवल्या, एकाने ओवीला विचारलं, प्रॅक्टिकल नीट होतात ना? तिच्या मागे उभा असलेला शिक्षक खाकरला. ओवी हो म्हणाली. तो हो तिच्या तोंडातून इतक्या सहज निघाला की तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. तिघं पुढे गेले. तिकडे काजू ठेवले होते.

बाबा दारात उभे राहून मशीनकडे पाहत होते. आधी पायांकडे, मग भिंतीकडे, मग वायरीकडे. ओवीला त्यांची ती नजर माहीत होती. घरी नवीन फ्रिज आला तेव्हाही त्यांनी तसाच पाहिला होता. मग ते वळले आणि रविराजला विचारायला लागले, की मूळ कागदपत्रं आज लागतील का.

अ‍ॅप्रन काढून ओवी मागच्या दाराने बाहेर आली. तिथे टेम्पो उभा होता आणि टेम्पोला टेकून पन्नाशीचा एक माणूस हात पुसत होता. तिने त्याला विचारलं, ही मशीन पक्की कधी बसवणार?

"बसवायची कशाला? सांजच्याला परत न्यायचीत," तो म्हणाला. "भोसरीत शेड हाय माझं. उद्या याच मशीनवर माल काढायचाय." मग त्याने तिला नीट पाहिलं. "तुमी हितं शिकायला हाय का?"

"नाही. मला आज उभं केलं होतं."

"म्हंजी तुमी बी भाड्याच्याच," तो म्हणाला. तो हसला नाही. आणि त्याच्याही तोंडावर तीच किळस होती, जी ओवीला आत वाटली होती. या कॉलेजवाल्यांच्या नात्यातला माणूस त्याला काम देतो, नाही म्हटलं तर काम जातं, असं त्याने न विचारता सांगितलं. टेम्पोवर त्याचा फोन नंबर रंगवलेला होता. ओवीने तो लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर गाडी कुरुळीच्या गर्दीत अडकली. आई मागे झोपेचं सोंग घेऊन बसली होती.

"बाबा, मशीन जमिनीला बसवलेलीच नव्हती. तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"वायरसुद्धा नव्हती जोडलेली."

"तपासणी झाली की घेतील हळूहळू. डिग्री तर विद्यापीठाचीच मिळणार आहे."

"कंपनीत असं पास केलं असतंस?"

बाबांनी गाडी पुढच्या ट्रकमागे हातभर सरकवली. "कंपनीत माझी मुलगी नसते," ते म्हणाले.

ते प्रेमाने म्हणाले होते, हे ओवीला कळत होतं. म्हणूनच तिला जास्त शिसारी आली. रविराज परका होता, समिती परकी होती. त्यांचा राग धरून सोडून देता आला असता. पण ज्या माणसाने तिला लहानपणी व्हर्नियर हातात देऊन रुपयाच्या नाण्याची जाडी मोजायला शिकवलं, त्याने सगळं पाहिलं होतं आणि कागदपत्रं विचारली होती.

घरी आल्यावर तिने सांगितलं, मी तिथे जाणार नाही. चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी आईने तिची बाजू घेतली, पण तीही वेगळ्याच कारणाने. तिला तिथलं बाथरूम आवडलं नव्हतं.

ओवी एकटीच भोसरीला गेली. त्या टेम्पोवाल्याचं नाव रोहिदास. पत्र्याचं शेड, आत पाच मशीन, तिघं कामगार, भिंतीवर तेलाचे फराटे. रोहिदासला ती आलेली आवडली नाही. हितं बायांची सोय न्हाई, तो म्हणाला, आन् तुमच्या बाबांनी मला विचारलं तर मी काय सांगू? तरी त्याने तिला एका बाजूला उभं राहू दिलं. दुपारी त्याने एक पितळेचा दांडा चकमध्ये धरला, मशीन सुरू केलं आणि हत्यार पुढे सरकवायच्या चाकावर तिचा हात ठेवून स्वतःचा हात काढून घेतला. दांड्यावरून सोनेरी कीस सुटत राहिला. तिने कापलेला तुकडा त्याने मोजला आणि भंगारात टाकला. दुसरा टाकला. सहावा त्याने टाकला नाही.

पंधरा दिवसांनी रोहिदासनेच सांगितलं, की इथे नुसता हात बसेल, कागद मिळणार नाही. सरकारी आयटीआयला जा, टर्नरच्या, म्हणजे लेथवर धातू कातायच्या कामाच्या जागा दरसाल रिकाम्या राहतात. तो स्वतः तिथूनच शिकला होता.

आयटीआय म्हटल्यावर घरात जे झालं ते अडुसष्टने झालं नव्हतं. बाबा पहिल्यांदा ओरडले. त्यांच्या हाताखाली तीस आयटीआयवाले होते, त्यांच्यावाचून कंपनी एक दिवस चालली नसती, आणि आपली मुलगी त्यांच्यातली होणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी ताटात खरकटं वाढलंय. ओवीने तो चेहरा पाहिला आणि तिचं ठरलं. दहावीच्या मार्कांवर तिला शेवटच्या फेरीत जागा मिळाली. सही आईने केली.

तिथे सगळं छान होतं असं नाही. एका लेथवर सात-आठ जण, मुली दोनच, बाथरूमला कडी नाही. एक शिक्षक पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि प्रश्न विचारला की चिडायचे. पण मशीन जमिनीला बसवलेली होती, आणि बटण दाबलं की फिरायची. दोन वर्षांनी ती चाकणला अ‍ॅप्रेंटिस लागली. पहिले तीन महिने कंपनीने तिच्याकडून खोकी भरून घेतली आणि हजेरीत टर्निंग लिहिलं. तिने ते सुपरवायझरला तोंडावर सांगितलं, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. त्याने तिला चिडून टूलरूममध्ये टाकलं, जिथे बारीक मापाचं काम असतं, नवख्यांना ते जमत नाही आणि आठवड्यात ते रडत बाहेर येतात. ती बाहेर आली नाही. पुढे कंपनीने तिला तिथेच कायम केलं.

आज ती तेवीस वर्षांची आहे. पहाटेच्या शिफ्टला बसने जाते, दुपारी येते. हाताला मशीनवर ओतायच्या कूलंटचा वास असतो. पहिल्या वर्षी आई तिचे कपडे वेगळे धुवायची, आता धूत नाही. बाबा बाहेर कुणी विचारलं तर सांगतात, चाकणला क्वालिटीत आहे. ओवीने दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. जेवताना कधीतरी ते तिला कामातलं काही विचारतात, मापांबद्दल, आणि तेवढा वेळ दोघं पूर्वीसारखे असतात. ताटं उचलली की तपासणीचा तो गुरुवार तिला आठवतो आणि ती उठते.

सोसायटीतल्या तनुजाताई गेल्या महिन्यात मुलाला घेऊन आल्या होत्या. त्याला कुठेच मिळालं नव्हतं. काय करू, म्हणून विचारत होत्या. ओवीने सांगितलं, कुठल्याही कॉलेजात न कळवता जा, आठवड्याच्या मधल्या वारी जा, आणि मशीन चालवून दाखवा म्हणा. नाही दाखवलं तर उठून या. तनुजाताईंनी ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, तुझं वेगळं गं, तू काय, मनाला लावून घेतलं नाहीस. मुलगा मात्र दारात रेंगाळला आणि त्याने कुठल्या वारी, ते पुन्हा विचारलं.

नोकरी करणाऱ्यांसाठी डिप्लोमाचे वर्ग असतात. मागच्या बुधवारी शिफ्ट संपल्यावर ओवी स्वतः एका पॉलिटेक्निकमध्ये गेली, न कळवता. लॅब पाहायची म्हटल्यावर क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं आणि आत्ता वेळ नाही म्हणाला. ती बाकावर बसून राहिली. पाऊण तासाने लॅबचा शिपाई कंटाळून किल्ल्या घेऊन आला, मिलिंग मशीनवरचं कापड काढून त्याने बटण दाबलं. मशीन चालू झालं. आवाज थोडा खरखरीत होता. बेअरिंग गेलंय, ओवी म्हणाली. दोन वर्षांपासून सांगतोय यांना, शिपाई म्हणाला.

तिने अर्ज घेतला. तो तिच्या पिशवीत आहे, अजून भरलेला नाही.