मळ्यातल्या कोठ्यातली तालीम

माझं तोंड फटकळ, हे आधीच सांगून टाकते. याच तोंडापायी सासरी जमलं नाही आणि दोन वर्षांत मी माहेरी परत आले. आई नव्हती. घरात वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि माझ्या पाठचा भाऊ. परभणीकडं, झरीच्या पुढं आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, पण बारवेतलं पाणी तेच होतं आणि पाण्यातला नारूही तोच.

तो नारू भावाच्या गुडघ्यात निघाला. विशीतला पैलवान गडी, जत्रेजत्रेतून फेटा बांधून घरी येणारा. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो. यानं घाई केली आणि तो आतच तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. सूज उतरली तेव्हा पाय वाकडा तो वाकडाच. परभणीच्या दवाखान्यात सांगितलं, आता काठी सुटायची नाही. गावच्या तालमीचं त्यानं नावच टाकलं. "ज्यांना चितपट केलं त्यांच्यापुढं लंगडत जाऊ व्हय?" म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

असे आठ दिवस गेले. मग एका सकाळी दादा मळ्यातला बैलांचा कोठा रिकामा करायला लागले. कडबा, मोटेचे नाडे, मोडकी तिफण, सगळं बाहेर. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"तालीम करायलोय. घरची."

"कुणासाठी?" म्हणलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच बसले. मी गप्प बसले, हे गावात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

दादांना अक्षरओळख नव्हती. पण कोठ्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं सगळा बेत काढला. मधे आठ हातांचा मातीचा हौद. आढ्याला मोटेचा नाडा, लोंबकळायला. कोपऱ्यात फिरवायला बाभळीचे दोन मुदगल. आणि भिंतीपासून हौदापर्यंत जुन्या बैलगाडीच्या दोन दांड्या, कमरेएवढ्या उंचीवर, समोरासमोर. दोन्हीवर हात टेकायचे आणि मधून चालायचं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणीसुद्धा नाही. स्वतः एक पाय आखडून धरत, त्या दांड्यांमधून ते सबंध दुपार लंगडत राहिले, उंची बरोबर बसेपर्यंत. मला हसू आलं आणि रडूही आलं.

एकाच गोष्टीत चुकले. हौदात आपल्याच मळ्याची काळी माती भरायची म्हणाले. आम्हा लोकांना काळ्या रानाचा लय तोरा. ज्या मातीत कापूस कमरेला लागतो तिच्यात माणूस का उभा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणलं, "दादा, मी भिंती लिंपते, मला ठावं हाय. काळी माती वाळली की भेगाळती. माळावरची तांबडी आणा."

"तालमीतलं बाईमाणसानं शिकवू न्हाई."

"बरं, मग निस्तरा," म्हणलं मी.

हौद भरला. ताक, हळद, लिंबं, करडईचं तेल, सगळं ओतून खोऱ्यानं कालवलं. चार दिवस नुसता गारा. मग उन्हं तापली आणि पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. दादांनी वरून भुसभुशीत माती पसरली आणि झालं म्हणाले.

भावाला हातापाया पडून मळ्यात आणला. दांड्यांमधून तो चालला, चांगला चालला. मग काठी टेकत हौदात पहिलं पाऊल टाकलं, ते भेगेत गेलं आणि वाकड्या पायावरच पडला. काठी भिरकावली आणि म्हणाला, "दादा, आता माझा नाद सोडा."

दादांनी त्याला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानं तो हौद उपसायला घेतला. वाळलेली काळी माती म्हणजे दगडच, कुदळीनं फोडावी लागत होती. संध्याकाळी हात रक्ताळलेले, तसेच माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"बाई, तू म्हणलीस ती माती कुठं हाय, दाखव. चुकलं माझं."

त्या काळी बाप लेकीला असं म्हणत नसत. माहेरी परतलेल्या लेकीला तर नाहीच नाही. मी म्हणलं, "आधी हात धुवा."

माळावरून गाड्या भरभरून तांबडी माती आणली. मी चाळली, त्यांनी कालवली. मग प्रश्न आला मारुतीचा. तालीम म्हणलं की आत मारुती, आणि मारुती आत आला की बाई बाहेर. पण भावाचा गुडघा रोज व्यायामाआधी शेकायचा, तेल लावून चोळायचा, ते काम माझं. दुसऱ्याचा हात तो लावू देत नसे. दादा शनिवारचा उपास कडक पाळणारे. तरी त्यांनी मारुती कोठ्याबाहेर, उघड्यावर बसवला. गावातले चार जण बोलायला आलेच. "देव उन्हात आन् बाई आत? अशी कुठं तालीम असती का?"

दादा म्हणाले, "मारुतीरायाला ऊन सोसतंय. माझ्या लेकराला बहिणीबिगर जमंना." चौघं आले तसे परत गेले. असा बाप मी दुसरा बघितला नाही, आजही सांगते.

दोन वर्षं लागली. आधी दोन दांड्या, मग एक, मग नुसती काठी. पाय पुरता सरळ झाला नाही आणि कुस्ती तो पुन्हा खेळला नाही. मला याची लय चीड यायची. दादा म्हणायचे, "फडात न्यायला केलंच नव्हतं मी हे."

दादा गेले ते भर उन्हाळ्यात. मसणवाटा गावापासून लांब, वाट दगडाची. मडकं धरून पुढं चालायचं ते मुलानंच. भावकीतले म्हणाले, तू गाडीत बस, मडकं चुलतभाऊ धरील. त्यानं मडकं उचललं.

बायका मसणात जात नाहीत. मी घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर चढले. भाऊ लंगडत होता, पण काठी नव्हती. ओढ्याच्या वळणापर्यंत मला तो दिसत होता, सगळ्यांच्या पुढं, आणि तिथवर एकदाही थांबला नाही.